एका तबकडीचे सुरक्षित वादन

मोरेश्वर क्षेमकल्याणी नाशिकहून कुवेतला मुलाकडे आले, तेव्हा त्यांच्या हातातल्या बॅगेत ग्रामोफोनची एक तबकडी होती. तबकडी नऊवारी साडीच्या घडीत होती, साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, पिशवीला सुतळी होती आणि सुतळीला पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसालाच मारता येते तशी गाठ होती. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पुडक्याकडे बोट दाखवून विचारलं, "व्हॉट इज?" मोरेश्वरांनी क्षणभर विचार केला आणि खरं ते सांगितलं. "वाइफ." अधिकाऱ्याने पुडक्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि हातानेच 'जा' म्हणून खुणावलं. या सबंध प्रकरणात कुणीतरी काहीतरी न अडवता जाऊ दिलं, असं एवढं एकदाच घडलं.

मोरेश्वरांनी काही खोटं सांगितलं नव्हतं. त्यांची पत्नी रत्नमाला तरुणपणी बरी गायची. तालुक्यातल्या एका साखर कारखान्याने आपल्या वर्धापनदिनाला तिच्याकडून स्वागतगीत गाऊन घेतलं आणि हौसेने त्याच्या तबकड्या काढल्या. गीतात अध्यक्षांना सूर्य म्हटलं होतं. पुढे अध्यक्ष कारखान्यासकट बुडाले, संचालकांनी आपापल्या तबकड्या कुठे लपवल्या ते कळलं नाही आणि गाणारणीला मिळालेली एकच प्रत शिल्लक राहिली. गाणं ऐकण्यासारखं नव्हतंच. पण रेकॉर्डिंगवाल्याने यंत्र जरा आधी चालू केलं होतं, त्यामुळे गाण्याच्या अगोदर रत्नमालेचे स्वतःचे तीन शब्द तबकडीत उतरले होते. ती कुणाला तरी विचारते, "सुरू करू का?"

ही तबकडी शेजाऱ्यांच्या प्लेयरवर एकदा वाजली, सगळ्यांनी वा वा केली आणि त्याच संध्याकाळी मोरेश्वरांनी ती गुंडाळून कपाटात ठेवली. चांगली वस्तू सारखी वापरायची नसते, असा त्या घराचा कायदा होता. काचेचे पेले पाहुण्यांसाठी, नवी चादर दिवाळीसाठी आणि रेकॉर्ड घासू नये म्हणून कपाटासाठी. रत्नमाला म्हणायची, "राहू दे. मी आहेच की घरात." तिचं म्हणणं बिनतोड होतं आणि ती होती तोवर कुणाला काही वाटलं नाही. मग गेल्या वर्षी ती गेली.

आणि मोरेश्वरांना एक चमत्कारिक दुखणं जडलं. बायकोची वाक्यं त्यांना सगळी आठवायची. 'डबा घेतलात का', 'चष्मा कपाळावर आहे तुमच्या', 'किती वेळा सांगू'. पण ती वाक्यं त्यांना आता त्यांच्या स्वतःच्याच आवाजात ऐकू यायची. तिचा आवाज कानातून पुसला गेला होता. व्हिडिओत बोल म्हटलं की ती तोंडाला पदर लावायची, त्यामुळे तिथेही काही सापडेना. म्हाताऱ्याला रात्री घाबरं व्हायचं ते याने. मरणाचं सोडा, पण संसार केला त्या बाईचा आवाज आठवू नये म्हणजे काय? शेजाऱ्यांचा प्लेयर तर कधीच भंगारात गेला होता. म्हणून व्हिजिट व्हिसा मिळाल्याबरोबर त्यांनी तबकडी बगलेत मारली. व्हिसा संपायच्या आत ते तीन शब्द एकदा ऐकायचे, एवढंच काम होतं.

"हात्तिच्या, एवढंच ना," मुलगा सुशांत म्हणाला. "बाबा, तुम्ही अजिबात काळजी करू नका."

सुशांत तेलाच्या पट्ट्यात एका कंपनीत सेफ्टी मॅनेजर होता. सेफ्टी मॅनेजरने काळजी करू नका म्हटलं की शहाण्याने तिथूनच काळजीला लागावं, पण बापाला हे कोण सांगणार? शिवाय मुलगा गुणी होता. आईवर त्याचा जीव होता. ती फोन करायची तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "कामात आहेस का? बोलू का?" आणि तो खरोखरच कामात असल्यामुळे म्हणायचा, "थांब आई, साइटवर आहे. मी करतो." त्यातले काही फोन त्याने खरंच नंतर केलेही होते.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी बापलेक राई नावाच्या बाजारभागातल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले. तिथे एका भिंतीवर ओळीने टर्नटेबल मांडलेले होते आणि सगळ्यांवर काळ्या तबकड्या गरगरत होत्या. गाणं मात्र एकच चालू होतं. मोरेश्वरांनी चष्मा सावरून जवळ जाऊन पाहिलं, तर एकाही तबकडीवर सुई टेकलेली नव्हती. विक्रेता हैदराबादचा मुझफ्फर होता. मोरेश्वरांनी त्याला विचारलं, "फिर ये आवाज कहां से आता है?"

"मेरे मोबाइल से, अंकल," मुझफ्फर मोठ्या अदबीने म्हणाला. "ब्लूटूथ है ना."

"आणि हे वाजत नाहीत?"

"बजते हैं ना अंकल, सब बजते हैं. मगर बजाता कोई नहीं. ये फील करने की चीज है. बजाने से सुई खराब होती, फिर कस्टमर लोगां कंप्लेन लेके आते."

मोरेश्वरांना हे तत्त्व ओळखीचं वाटलं. आपल्या घराण्यातलंच कुणी इकडे येऊन दुकान काढून बसलंय की काय, अशी त्यांना शंका आली. सुशांतने त्यातल्या त्यात जड यंत्र निवडलं. जड असलं की थरथरत नाही, असं मुझफ्फर म्हणाला.

मंगफ उपनगरातल्या सुशांतच्या नवव्या मजल्यावरच्या घरात यंत्र आलं तशी बातमी पसरली आणि त्याच संध्याकाळी गुरुप्रसाद आला. गुरुप्रसाद मूळचा पुण्याचा, राहणार शेजारच्या फिंतासला, आणि नोकरी पाइपलाइनला गंज किती चढला ते मोजण्याची. 'ॲनालॉग रसिक मंडळ, मंगफ-फिंतास' या संस्थेचा तो संस्थापक सचिव होता. मंडळाच्या प्रत्येक सभासदाकडे टर्नटेबल होतं. दर शुक्रवारी ते कुणा एकाच्या घरी जमायचे, टर्नटेबलवरचं ॲक्रिलिकचं झाकण विधिपूर्वक काढायचे, तबकडी फिरताना पाहायचे, फोनवर गाणं लावायचे आणि 'काय वॉर्म्थ आहे' असं एकमेकांना सांगायचे. बाहेर पन्नास अंशांची वॉर्म्थ फुकट मिळत असताना एसीत बसून ती यंत्रात शोधणं, याला रसिकता म्हणतात.

गुरुप्रसादने हातमोजे चढवले, भिंगातून तबकडी पाहिली आणि एखाद्या पेशंटच्या नातेवाइकांना बाजूला घ्यावं तसं सुशांतला बाजूला घेतलं.

"एकुलती एक प्रत?"

"एकुलती एक."

"मग वाजवणार कशी? दर वादनाला खाचेची झीज होते. आमच्या पाइपचं असंच असतं. तेल वाहिलं की भिंत पातळ होते."

"पण पाइप तेल वाहण्यासाठीच असतो ना?" मोरेश्वर मधेच म्हणाले.

"काका, हाच तर आमच्या क्षेत्रातला मूळ पेच आहे," गुरुप्रसाद गंभीरपणे म्हणाला.

शर्वरी, म्हणजे सुशांतची बायको, बँकेत होती. तिने तोडगा काढला. "एकदाच वाजवा आणि तेव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मग हव्या तेवढ्या कॉप्या." सगळ्यांना हे पटलं. मोरेश्वरांना तर फारच पटलं. ते सोफ्यावरून उठून यंत्राशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांना वाटलं, आता लावतील.

पण एकदाच वाजवायची म्हणजे चूक करायला जागाच नाही, हे सुशांतच्या लक्षात आलं आणि त्याच्यातला मुलगा मागे सरकून मॅनेजर पुढे आला. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून येताना वर्क परमिटचा, म्हणजे काम सुरू करण्याच्या परवान्याचा, कोरा नमुना घेऊन आला. रिफायनरीत साधं वेल्डिंग करायचं तरी परमिट लागतं, कुठे काय पेटेल सांगता येत नाही, आणि इथे तर प्रत्यक्ष आईचा आवाज होता. कामाचे स्वरूप या रकान्यात त्याने लिहिलं, 'फिरत्या पृष्ठभागावर टोकदार वस्तू टेकवणे.' धोके या रकान्याला जागा पुरली नाही, म्हणून पुरवणी जोडली.

"पहिला नियम असा की धोका मुळातच काढून टाकता येतो का ते बघायचं," तो जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना समजावू लागला. "इथे धोका काय आहे? वाजवणं. म्हणजे सर्वांत सुरक्षित उपाय काय झाला?"

"नॉट प्लेइंग इट," त्याची मुलगी अक्षरा फोनमधून मान वर न करता म्हणाली.

"करेक्ट. पण आजोबांना ऐकायचंय, म्हणून आपण पुढच्या पायरीवर जाऊ. पर्यायी वस्तू वापरणे."

म्हणून प्रथम पर्यायी वस्तूवर रंगीत तालीम झाली. तबकडीच्या आकाराचं, तितकंच पातळ आणि नाजूक असं घरात दुसरं काय असणार? मोरेश्वरांनीच नाशिकहून उडदाचे पापड आणले होते. मधोमध भोक पाडून एक पापड यंत्रावर चढवला गेला. सगळे हेल्मेट नसल्यामुळे टोप्या घालून उभे राहिले. पापड फिरला. सुई टेकली. स्पीकरमधून खरखर आली आणि गुरुप्रसादने डोळे मिटले. "वॉर्म्थ आहे," तो म्हणाला. अर्ध्या फेरीनंतर पापड मोडला. घटनेची चौकशी होऊन असं निष्पन्न झालं की पापड दमट होता. मूळ कारण म्हणून तो लाटणाऱ्या बाईंचं नाव लिहायचं होतं, पण ती रत्नमालाच निघाली. पापड तिने जाण्याआधी लाटलेल्यांपैकी होते. मोरेश्वरांनी तुकडे गोळा केले आणि तळायला देण्याऐवजी खिशात ठेवले.

मग थरथरीचा मुद्दा निघाला. खाली कुणाचं वॉशिंग मशीन चालू असलं, लिफ्ट वर-खाली झाली, तर सुई उडणार. सुशांतने इमारतीच्या रखवालदाराला, ज्याला इथे हारिस म्हणतात, त्या अशरफला बोलावून वादनाच्या वेळी लिफ्ट कुलूपबंद करण्याचं ठरवलं. अशरफने विचारलं, कशासाठी? सुशांतने सांगितलं, आईसाठी. अशरफने छातीवर हात ठेवला आणि तयार झाला. पण सर्वांत जास्त थरथर घरातल्या एसीचीच होती. एसी बंद करावा, तर जुलै महिना. एसीशिवाय खोली तापणार आणि तबकडी वाकणार. म्हणजे एसी चालू ठेवला तर सुई उडते, बंद ठेवला तर तबकडी जाते. या प्रश्नावर मंडळाची स्वतंत्र बैठक फिंतासला समुद्राकाठी झाली. तिथे असं ठरलं की आधी खोली इथल्या मटणाच्या दुकानासारखी गार करायची आणि वादनाच्या क्षणी एसी बंद करायचा. शिवाय हा शोध मोठा असल्यामुळे त्याचा समारंभ करायचा.

मोरेश्वर दिवस काढत होते. परमिट एकदा निघालं, पण धुळीचं वादळ आलं म्हणून रद्द झालं. दुसऱ्यांदा निघालं, तर गुरुप्रसाद प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवतात त्या शटडाउनच्या ड्यूटीवर होता आणि त्याच्या सहीशिवाय चालेना. मोरेश्वरांनी स्वतः अख्खी हयात फायलींवर 'चर्चा करावी' असे शेरे मारण्यात घालवली होती. त्यामुळे आपल्याबरोबर काय चाललंय ते त्यांना नेमकं कळत होतं आणि म्हणूनच तक्रारीला तोंड राहिलं नव्हतं. कालव्याच्या पाण्यासाठी आलेली माणसं बाकावर बसून काय विचार करत असतील, हे त्यांना आता कुठे सुचू लागलं.

एका दुपारी मुलगा-सून कामावर गेल्यावर ते उठले. नियम गेले खड्ड्यात, असं त्यांनी मनाशी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच म्हटल्यामुळे त्यांना धाप लागली. त्यांनी साडीची घडी उलगडली, तबकडी काढली आणि यंत्राचं झाकण उघडलं. सुईच्या दांडीला लाल कुलूप होतं. कुलपाला चिठ्ठी होती, 'धोका. हात लावू नये. माझा जीव यावर अवलंबून आहे. — सुशांत.' कंपनीतल्या प्रत्येक कुलपावर हेच छापलेलं असतं. किल्ली गुरुप्रसादकडे फिंतासला होती.

अक्षरा पाणी प्यायला बाहेर आली होती. ती म्हणाली, "आजोबा, डोंट टच. देअर इज अ टॅग."

"नाही गं बाई, नुसतं बघतोय," मोरेश्वर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुला आजीचा आवाज आठवतो?"

अक्षराने विचार केला. "शी युज्ड टू सेंड मी व्हॉइस नोट्स. बट देन आय गॉट द न्यू फोन." तिला आजोबांचा चेहरा बरा दिसला नाही म्हणून तिने मराठीत जोडलं, "सॉरी. मी ते सेव्ह करायचे होते." आणि ती त्यांच्या शेजारी बसून राहिली. नातीला आजोबांविषयी वाईट वाटलं आणि आजोबांना नातीविषयी, आणि दोघांच्या पुढ्यात ते महागडं यंत्र झाकण उघडून गप्प होतं.

शेवटी मोरेश्वरांच्या विमानाच्या आदल्या दिवशीचा मुहूर्त लागला. याला मंडळाने 'एकमेव वादन सोहळा' असं नाव दिलं. दिवाणखान्यात फलक लागला. परमिट संध्याकाळी सहापर्यंत वैध होतं. पाहुणे चारपासून जमू लागले. म्हणजे नवव्या मजल्यावर पायी चढू लागले, कारण अशरफने लिफ्टला कुलूप घालून चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीवरही त्याचा जीव त्यावर अवलंबून असल्याचं लिहिलं होतं. खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना जमियातून, म्हणजे सहकारी भांडारातून, आणलेलं तांदळाचं पोतं घेऊन जिन्यात बसावं लागलं. त्यांची गैरसोय मंडळाने इतिवृत्तात खेदपूर्वक नोंदवली.

प्रमुख पाहुणे राजन हे एका मोठ्या कंपनीतले मोठे अधिकारी होते आणि देहानेही पदाला शोभतील असे होते. ते पाचव्या मजल्यावर जरा टेकले, सातव्यावर पुन्हा टेकले आणि वर पोचल्यावर बराच वेळ बोलण्याच्या अवस्थेतच नव्हते. सगळ्यांनी वाट पाहिली. ते बोलू लागले तेव्हा तर सगळ्यांना आणखी वाट पाहावी लागली. त्याआधी शर्वरीच्या बँकेतल्या लीनाने स्वागतगीत म्हटलं. तिच्या गीतात राजन सूर्य होते. मोरेश्वर पहिल्या रांगेत, खास इस्त्री केलेल्या सदऱ्यात, यंत्राकडे बघत बसले होते. एका तबकडीत स्वागतगीत वाट बघत असताना तिच्यासमोर दुसरं स्वागतगीत चाललंय, हे त्यांच्याखेरीज कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग गुरुप्रसादचं प्रास्ताविक झालं. नमनालाच घडाभर तेल, आणि तेलाच्या मुलखात तेलाला काय तोटा? डिजिटल युगात माणूस अस्सल आवाजाला कसा पारखा झालाय, हे त्याने पडद्यावर स्लाइड दाखवून सांगितलं. 'आपण ऐकायला विसरलो आहोत' या वाक्याला मोठ्या टाळ्या पडल्या. मागच्या बाजूला काही जणांना ते नीट ऐकू आलं नव्हतं, पण त्यांनीही वाजवल्या. सुशांतने मग सुरक्षा सूचना दिल्या. आग लागल्यास कुठे जमायचं, तबकडी तुटल्यास कुणी रडायचं नाही आणि वादन चालू असताना शिंक आल्यास काय करावं. मोरेश्वरांनी घड्याळाकडे पाहिलं. सहाला फार अवकाश नव्हता.

"सुशा, लाव ना आता," ते म्हणाले. ते इतकं हळू म्हणाले की ते फक्त शेजारी बसलेल्या अक्षरालाच ऐकू आलं. तिने उठून मोठ्यांदा सांगितलं, "बाबा, प्लीज. जस्ट प्ले इट."

एसी बंद झाला. कुलूप निघालं. खोलीतल्या सगळ्या माणसांनी श्वास रोखले आणि फोन वर धरले. त्यामुळे यंत्र कुणाला प्रत्यक्ष दिसेना, सगळ्यांना ते पडद्यावर दिसत होतं. गुरुप्रसादने दोन्ही हातांत मोजे घालून सुई उचलली, तबकडीवर नेली आणि टेकवली.

आधी खरखर आली. मग एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला, फार जुन्या खोलीतली खुर्ची. आणि मग अगदी जवळून, किंचित घाबरलेल्या, किंचित हसऱ्या आवाजात, तेवीस वर्षांची रत्नमाला म्हणाली, "सुरू करू का?"

मोरेश्वरांचे दोन्ही हात मांडीवरून उचलले गेले. हाच. हाच तो आवाज. शेवटच्या अक्षरावर थोडा वर जाणारा. त्याच्या मागोमाग डबा, चष्मा, किती वेळा सांगू, सगळं एकदम तिच्या आवाजात परत आलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

पण सुशांत यंत्राशेजारी परमिट हातात घेऊन उभा होता आणि त्याच्या घड्याळात सहा वाजले होते. वीस वर्षं त्याला साइटवर हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि परमिटची वेळ संपली असेल तर या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे. ते देण्यासाठी त्याला विचार करावा लागला नाही. तो आवाज कुणाचा आहे, हे मेंदूपर्यंत पोचायच्या आत त्याचा हात वर झाला होता.

"थांबा," तो म्हणाला. "परमिट संपलंय."

गुरुप्रसादने सुई उचलली. प्रमुख पाहुणे राजन यांनी पहिली टाळी वाजवली. नियमाचं असं निर्भीड पालन त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. स्वतःच्या आईलाही सवलत नाही. सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. सुशांत तसाच हात वर करून उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. टाळ्यांच्या त्या गदारोळात मोरेश्वर यंत्राकडे बघत म्हणाले, "कर की. कर." पण तोवर दांडीला परत कुलूप लागलं होतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. एकमेव वादन पार पडल्यामुळे तबकडी संरक्षित वस्तू म्हणून ॲक्रिलिकच्या चौकटीत बसवून दिवाणखान्याच्या भिंतीवर लावण्यात आली. पुढील वादनासाठी नव्याने अर्ज करता येतो. कॉम्प्युटरवर उतरवून घेणाऱ्याने बटण गाणं सुरू झाल्यावर दाबायचं ठरवलं होतं, त्यामुळे तिथे काही आलं नाही. फोनवर मात्र सगळ्यांकडे आलं. राजन यांच्या कंपनीत ती फीत आता रोज सकाळी कामगारांना ऐकवतात. एक बाई काम सुरू करण्यापूर्वी परवानगी मागते, अधिकारी तिला थांबवतो आणि ती थांबते. आदर्श कार्यपद्धती म्हणून तिला बक्षीसही मिळालं. बक्षीस सुशांतला मिळालं. त्याने ते कपाटात ठेवलंय, उघडलेलं नाही. तो हल्ली साइटवर कुणी 'सुरू करू का' विचारलं की आधी खाली बघतो आणि मग सही करतो.

विमानतळावर निरोप घेताना अक्षराने आजोबांच्या फोनमध्ये ती फीत भरून दिली. ती तिने स्वतःच्या फोनवर काढलेली होती आणि या वेळी न विसरता सेव्ह केली होती. मोरेश्वर आता नाशिकला असतात. सकाळी चहाच्या वेळी ते फीत लावतात. रत्नमाला विचारते, "सुरू करू का?" पुढचा 'थांबा' यायच्या आत ते अंगठ्याने फीत बंद करतात आणि मोठ्यांदा म्हणतात, "कर." मग कप हातात धरून वाट बघतात. पुढे काही होत नाही. चहा निवतो, ते दुसऱ्यांदा लावतात.

तुम्ही हे वाचताना थोडे हसलात, शेवटी थोडे हळहळलात, आणि त्या सुशांतला काय म्हणावं असंही तुमच्या मनात आलं असेल. येऊ द्या. आता फक्त एवढं आठवा, की तुमची आई फोन करते तेव्हा तिचं पहिलं वाक्य काय असतं. "कामात आहेस का? बोलू का?" असंच काहीतरी असेल. त्यावर तुम्ही काय म्हणता, ते इथे छापायची गरज नाही.